माकडहाडावरचं गळू

मी एमआर आहे, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. सांगली-मिरज हा माझा एरिया, त्यात तासगाव, कवठेमहांकाळ, जत पण येतं, म्हणजे निम्मा दिवस बाईकवर आणि उरलेला निम्मा कुठल्या ना कुठल्या ओपीडीबाहेरच्या बाकड्यावर. या भागातले जवळपास सगळे सर्जन मला नावाने ओळखतात आणि मला पायलोनिडल सायनस, म्हणजे माकडहाडापाशी केस कातडीत घुसून परत परत होणारं गळू, झालं तेव्हा हाच सगळ्यात मोठा प्रॉब्लेम होता. हर्निया झाला असता तर पहिल्याच दिवशी ओळखीच्या सरांना दाखवून मोकळा झालो असतो. पण ज्या माणसासमोर दर महिन्याला टाय लावून कंपनीचं नवीन अँटिबायोटिक कसं भारी आहे ते सांगायचं, त्याच्याच टेबलावर पँट खाली करून पालथं पडायचं, हे काय मनाला पटेना.

सुरुवात साधीच होती. माकडहाडापाशी, दोन्ही कुल्ल्यांच्या मधली फट जिथे सुरू होते तिथे ठणका लागला. मला वाटलं गाडी खड्ड्यात आदळल्यामुळे मुका मार लागला असेल, म्हणून जेल चोळलं, गोळी खाल्ली. मग तिथे गाठ आली, अंगात कणकण भरली, आणि एक दिवस जतवरून येताना निम्मा रस्ता फूटरेस्टवर उभा राहून गाडी चालवली कारण सीटला टेकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. फॅमिली डॉक्टर म्हणाले केसतूड आहे, अँटिबायोटिकचा कोर्स दिला. दुसऱ्या का तिसऱ्या रात्री ते आपोआप फुटलं. पू, रक्त, आणि वास असा की विचारू नका, पण ते फुटल्याबरोबर जे बरं वाटलं ना, ते शब्दात सांगता येत नाही. शांत झोपलो. आठवड्यात सगळं साफ, मी विसरून पण गेलो.

या रोगाची सगळी गोम इथेच आहे. फुटलं की बरं वाटतं. मग काही महिन्यांनी परत तेच, परत ठणका, परत कोर्स, परत फुटणं, आणि मधल्या काळात काहीच नाही, नुसतं एखाद्या दिवशी अंडरवेअरला पिवळट डाग. दरवेळी माणूस म्हणतो आता गेलं, आता दाखवायचं कशाला. पुढे पुढे तर मला आधी दोन दिवस कळायचं की आता येणार आहे. मीटिंग असली की मी मागच्या रांगेत एका कुल्ल्यावर बसणार, लग्नात पंगतीला न बसता वाढप्यांत घुसणार, लांबच्या प्रवासाला एसटीत उभा. लोकांना वाटायचं काय उत्साही माणूस आहे. गळायला लागलं की बायकोची सॅनिटरी पॅड वापरायचो, हे लिहायला लाजायचं काही कारण नाही, रुमाल आणि टिश्यूपेक्षा ते शंभर पट बरं, पँट वाचते. सर्जिकलच्या दुकानातून ती हवा भरायची रिंग पण आणली होती, तिचा मला तरी उपयोग झाला नाही कारण दुखणारी जागा नेमकी रिंगच्या कडेवर यायची.

ज्याला सांगावं तो एकच म्हणणार, मूळव्याध. नाहीतर भगंदर. आपल्याकडे त्या भागात दुसरं काही होतच नाही असा सगळ्यांचा समज, भिंती रंगवलेल्या असतातच त्या जाहिरातींनी. सासरेबुवांनी तर सुरण खायला घातला. फरक खरं तर सोपा आहे. मूळव्याध गुदद्वाराची, रक्त संडासच्या वेळी जातं. भगंदराचं तोंड बाहेरच्या कातडीत असलं तरी त्याची वाट आत गुदमार्गाला जाऊन मिळते. आणि माझं जे होतं, पायलोनिडल सायनस, ते वर माकडहाडाजवळ, कातडी आणि तिच्याखालच्या चरबीपुरतं, संडासच्या वाटेशी त्याचा संबंध नाही. बायकोला मोबाईलवर फोटो काढायला लावला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं, फटीच्या अगदी मध्यरेषेवर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं एकाखाली एक, आणि एका भोकातून केस बाहेर आलेला. मी म्हटलं उपट. तिने उपटला, तर मागून अजून निघाला. ती म्हणाली, "अहो, हे काहीतरी वेगळंच आहे, उद्याच्या उद्या दाखवा."

तरी मी एकदा ओळख नसलेल्या ठिकाणी जाऊन आलो. गळू तेव्हा टम्म फुगलेलं. तिथे लोकल भूल देऊन चिरा दिला आणि पू काढला. ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे त्यांना सांगतो, पू भरलेल्या सुजलेल्या जागेत लोकलची भूल धड चढत नाही, हे वैद्यकशास्त्रालाच माहीत आहे, त्यामुळे गाठ मोठी असेल तर सरळ विचारा की कमरेतून भूल देऊन किंवा थोडं झोपवून करता येईल का. मी टेबलाची कड धरून आईची आठवण काढली. पण चिरा देणं गरजेचं होतं, पू साठलेला असताना दुसरा इलाज नाही. फक्त तिथून घरी पाठवताना "झालं, बरं होईल" एवढंच सांगितलं. ते पू काढणं होतं, रोग काढणं नव्हतं, हे कुणीच बोललं नाही. अँटिबायोटिकचं पण तसंच. मी स्वतः ते विकतो म्हणून सांगतो, आजूबाजूची लाली आणि ताप त्याने उतरतो, पण आत केसांचा गुंता पडून आहे तो कुठलंही औषध विरघळवत नाही.

शेवटी मिरजेच्या एका सरांकडे गेलो. रोजच्या सारखं बाहेर बसलो, नंबर आल्यावर आत गेलो, त्यांनी सवयीने हात पुढे केला, आज काय आणलंय. म्हटलं सर आज मीच आलोय. हसले. दोन मिनिटांत तपासून झालं, आणि इतके दिवस ज्याचा बाऊ केला तो विषय तिथेच संपला, त्यांच्यासाठी ती त्या दिवसातली चौथी-पाचवी तशीच तपासणी असावी. एक तोंड जरा खाली गुदद्वाराकडे होतं म्हणून भगंदर नाही ना हे बघायला एमआरआय करायला सांगितला. नव्हतं.

हे होतं कसं ते त्यांनी समजावलं. पूर्वी वाटायचं की जन्मतःच असतं, आता बहुतेक सर्जन मानतात की बाहेरचे गळलेले केस आत घुसतात. डोक्याचे, पाठीचे केस खाली घरंगळत त्या फटीत जमतात, वर बसणं, घाम, घासणं, आणि गवताचं कुसळ सॉक्समध्ये शिरलं की जसं पुढेच सरकतं, मागे येत नाही, तसं केसाच्या खवल्यांमुळे तो आतच जात राहतो. शरीर त्याच्याभोवती पिशवी करतं, पिशवीत पू होतो. न्हाव्याच्या बोटांच्या बेचक्यात पण हाच आजार होतो, गिऱ्हाइकाचे केस घुसून, तिथे जन्मजात असण्याचा प्रश्नच नाही. जर्मनीतल्या डॉक्टरांनी काढलेल्या सायनसमधले केस तपासले तर त्यात बरेच तुकडे बिनमुळाचे, टोकदार, कापलेले निघाले, बहुधा डोक्याच्या मागच्या भागाचे. तेव्हापासून मी कटिंग करून आलो की आधी आंघोळ, मग चहा. आई जुन्या पद्धतीने हेच ओरडून सांगायची, फक्त तिचं कारण वेगळं होतं.

साधारण विशीतली-तिशीतली मुलं, पुरुष जास्त, अंगावर दाट केस, खोल फट, वजन, आणि तासन्‌तास बसायचं काम, असा याचा कल. चाळिशीनंतर नव्याने होणं बरंच कमी. पोरींनाही होतं, आणि त्या बिचाऱ्या आमच्यापेक्षा जास्त लपवतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात सुमारे ८०,००० सैनिक यासाठी हॉस्पिटलात भरती झाले होते, खडबडीत रस्त्यावरून जीप चालवून होतं असं धरून त्याला जीपचा आजार म्हणायला लागले. सरांनी हे सांगितलं तेव्हा मला जतचा रस्ता आठवला.

पहिलं खरं ऑपरेशन ओपन झालं. म्हणजे सगळा सायनस हाडावरच्या पडद्यापर्यंत कापून काढायचा आणि जखम न शिवता तशीच उघडी सोडायची, ती तळापासून हळूहळू भरत वर येते. कमरेत इंजेक्शन, पालथं झोपवलं, आणि मग दोन्ही कुल्ले चिकटपट्ट्या लावून बाजूला ओढून टेबलाला बांधले. लाज वगैरे जी काही शिल्लक होती ती त्या चिकटपट्टीबरोबर गेली. ऑपरेशनचं काहीच दुखलं नाही. नंतरचं ड्रेसिंग मात्र लक्षात राहील.

जखम केवढी, तर अख्खी मूठ नाही पण लिंबू सहज बसेल. सुरुवातीला रोज हॉस्पिटलात, मग बायको शिकली. तिला सिस्टरनी बजावलं होतं की गॉझ सलाइनमध्ये भिजवून पार तळापर्यंत हलकेच भरायचा, कोंबायचा नाही, आणि वरून कातडी आधी जुळू द्यायची नाही, नाहीतर आत पोकळी राहते. रोज बीटाडिन ओतायचं पण नाही, नवीन येणारं लाल मांस त्याने उलट दुखावतं. मी बेडवर पालथा, उशीत तोंड, आणि मागे बायको डोक्याला टॉर्च बांधून. पहिल्या दिवशी ती रडली. दहाएक दिवसांनी माझ्या जखमेकडे बघत फोनवर तिच्या बहिणीशी आमटीत किती चिंच घालायची ते बोलत होती. जखमेच्या कडेचे केस दर आठवड्याला काढायला लागतात, कारण उघड्या जखमेत परत केस पडला की केलेलं सगळं मातीत. पोरगं विचारायचं पप्पा सारखे पालथे का झोपतात. भरायला महिने गेले. हे सर्जन आधी सांगतात, पण ऐकताना आपल्याला वाटतं आपलं लवकर भरेल.

भरलं. वर्षभर छान. मग एकदा आंघोळीत हाताला जुन्या व्रणाच्या खालच्या टोकाशी बारीक खळगा लागला, दाबलं तर थेंबभर पाणी. त्या दिवशी मी बाथरूममधून लवकर बाहेर आलो नाही.

दुसऱ्यांदा जायच्या आधी मी जरा अभ्यास केला, म्हणजे ज्या ज्या सर्जनकडे व्हिजिट होती त्यांना आडून विचारून घेतलं, एका मित्राला झालंय म्हणून. सगळ्यांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखी यायची, ती म्हणजे टाक्यांची रेघ कुठे येणार. सायनस कापून मध्यरेषेवरच सरळ शिवलं तर टाके फटीच्या तळाशी राहतात, तिथे घाम, ओल, ताण, त्यामुळे खालचं टोक उसवतं आणि परत होण्याचं प्रमाण जास्त. दुसऱ्या कंपनीतल्या माझ्या मित्राचं हेच झालं होतं. रेघ बाजूला घेतली आणि फट उथळ केली की निकाल बराच सुधारतो. ग्रीक सैन्यातल्या जॉर्ज कारिडाकिस नावाच्या सर्जनने हे धरून एक पद्धत काढली, १९७३ मध्ये छापली, आणि १९९२ मध्ये ६,००० हून जास्त पेशंटचे निकाल दिले, पुन्हा होण्याचं प्रमाण १ टक्क्याच्या आसपास. सगळ्यांच्या हाताला इतकं येत नाही हे मिरजेच्या सरांनीच सांगितलं, पण दिशा तीच बरोबर.

माझ्यासाठी त्यांनी लिंबर्ग फ्लॅप ठरवला. प्रिस्क्रिप्शनच्या मागे काढून दाखवलं, पत्त्यातल्या चौकटच्या आकाराचा तुकडा व्रणासकट कापून काढायचा आणि शेजारच्या कुल्ल्यावरची कातडी चरबीसकट फिरवून त्या खड्ड्यात आणून बसवायची. मुळात अलेक्झांडर लिंबर्ग हा रशियातला चेहऱ्या-जबड्याचा सर्जन, त्याची ही भूमिती, आणि ती लोकांनी कुठे नेऊन लावली बघा. मी विचारलं खालचं टोक मध्यरेषेवर येणार का, तर सर चष्म्यावरून बघून म्हणाले, "मित्राचा अभ्यास चांगलाय." टोक बाजूला घेतात म्हणे हल्ली, त्यासाठीच.

याला ऑपरेशनपेक्षा नंतरचे नियम जड. ड्रेन लावलेला, नळी आणि तो दाबून ठेवायचा डबा, त्यात किती जमलं ते लिहून ठेवायचं, कमी झाल्यावर काढला. टाके पंधरा दिवसांच्या आसपास. तोपर्यंत फ्लॅपवर बसायचं नाही, कुशीवर किंवा पालथं, जेवण उभ्याने. आणि संडास. याबद्दल कुणी आधी बोलत नाही. आमच्या घरी भारतीय पद्धतीचा, उकिडवं बसलं की टाक्यांवर केवढा ताण. सरांनी सांगितलं काही दिवस कमोड वापरा, तेही कमी वेळ, मग भाड्याने कमोडची खुर्ची आणली. इसबगोल, पपई, पाणी, कुंथायचं अजिबात नाही. नंतर हँड शॉवरने धुवून टिपून कोरडं करायचं, पुसायचं नाही. ऑपरेशन ठरलं की बाकी काही करायच्या आधी ही सोय करा, ऐनवेळी फार पळापळ होते.

बाईक दीड-दोन महिने बंद. कंपनीने तेवढे दिवस फोनवरून काम चालवून घेतलं. पैशाचं म्हणाल तर माझं ग्रुप पॉलिसीतून झालं, पण ज्यांची स्वतःची मेडिक्लेम आहे त्यांनी कागद काढून बघा, बऱ्याच पॉलिसीत ठरावीक आजारांच्या यादीत मूळव्याध-भगंदराबरोबर पायलोनिडल सायनस लिहिलेला असतो आणि त्याला २४ महिने थांबावं लागतं. गळू फुटल्यावर पॉलिसी काढून उपयोग नाही.

काढलेला तुकडा बायोप्सीला गेला. केस आणि जुनी सूज एवढंच. वर्षानुवर्षं गळत ठेवलेल्या सायनसमध्ये क्वचित, फारच क्वचित, कॅन्सर निघतो म्हणून पाठवतात. रिपोर्ट येईपर्यंत मी घरी कुणाला हे बोललो नव्हतो.

सासऱ्यांचा क्षारसूत्राचा, म्हणजे औषधी दोरा सायनसमधून ओवून ठेवायच्या आयुर्वेदिक उपचाराचा, आग्रह होता, तो मी टाळला, पण चेष्टा करणार नाही. सुश्रुतापासून चालत आलेली पद्धत आहे, दोऱ्याला निवडुंगाचा चीक, आघाड्याचा क्षार आणि हळद यांचे मिळून २१ थर देतात, भगंदरात त्याचा चांगला उपयोग होतो, पायलोनिडलला पण वैद्य वापरतात. दर आठवड्याला दोरा बदलायला जावं लागतं. माझं दोनदा कापलेलं, व्रण झालेलं, त्यामुळे मला ते पटलं नाही. पहिल्यांदाच झालेल्याने, एखादंच छिद्र असलेल्याने सर्जन आणि शिकलेला वैद्य दोघांना विचारायला हरकत नाही. फक्त तंबूत बसून "एका इंजेक्शनमध्ये गॅरंटी" म्हणणाऱ्याला नाही.

आता राहिले केस. ऑपरेशन हे निम्मंच काम. सुरुवातीला मी वस्तरा चालवत होतो, सर म्हणाले बंद करा, वस्तऱ्याने वर्षानुवर्षं भादरत राहणाऱ्यांमध्ये परत होण्याचं प्रमाण उलट जास्त दिसलंय, बहुधा कापलेली टोकं अजून टोकदार होतात म्हणून. मग लेझर. स्किन क्लिनिकच्या वेटिंगमध्ये सगळ्या लग्न ठरलेल्या पोरी आणि मधे मी, टायवाला. काळ्या दाट केसांवर लेझर चांगला चालतो, महिना-दीड महिन्याच्या अंतराने सिटिंग घ्यावी लागतात, रबर बँड मारल्यासारखं चटकतं, बस. पूर्ण जात नाहीत पण विरळ आणि मऊ होतात. खर्च इन्शुरन्समध्ये बसत नाही, तरी मी तो ऑपरेशनच्या खर्चातच धरतो.

फ्लॅपचा भाग अजून बधिर आहे, कुणीतरी दुसऱ्याची कातडी लावल्यासारखा. दिसायला एक कुल्ला चपटा. खळगा नाही, डाग नाही. तासाभराच्या वर सलग बसत नाही, गाडी मधे थांबवतो, रोज शेवटी त्या फटीत पाणी नीट जाऊ देतो आणि कोरडं करतो.

आता मेव्हण्याच्या पोराला सुरू झालंय. एकोणीस वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करतोय, ग्राउंडवर सिट-अप्स मारून माकडहाड सोललं म्हणून जेल चोळत होता. मी म्हटलं फोटो पाठव, तर दोन दिवस लाजत होता, मग पाठवला. दोन भोकं, सूज नाही, पू नाही. त्याची आई म्हणते दिवाळी होऊ दे मग बघू. मी वहिनींना सांगितलं, पू धरला तर दिवाळी बघायची नाही, त्याच रात्री चिरा. नाही धरला तर सर्जनला आत्ता दाखवून ठेवू आणि जे काय करायचं ते दिवाळीनंतर करू, एवढी घाई नाही. सिट-अप्सना खाली जाड चटई घे म्हणालो, केस काढायचं क्रीम कसं लावायचं ते पण सांगितलं. सोमवारी मिरजेला माझी व्हिजिट आहेच, त्याला मागे बसवून नेतोय.